डावा कोपरा

वाटीच्या काठावर तांबड्या रश्शाचा एक थेंब येऊन अडला होता, आणि हंबीररावांची नजर काही केल्या त्याच्यावरून हलेना. वाटी उचलावी की नको? जन्मभर ती उचलून तोंडाला लावली, शेजारच्या घरात ऐकू जाईल असा भुरका मारला. रस्सा काय चमच्यानं प्यायची चीज आहे? पण पक्षाघातानंतर तोंडाचा डावा कोपरा ऐकत नाही. ओघळ हनुवटीवर आला तरी पत्ता लागत नाही... समोरच्याचा चेहरा पाहिला की कळतं.

आणि आज समोर अंतरा होती. नात. कालच बंगळुरूहून आली, आणि आल्यापासून तिच्या तोंडी तो एकच शब्द—ग्रॉस. चहात चिलट पडलं, ग्रॉस. मोरीत केसांचा गुंता, ग्रॉस. कुणीतरी मैत्रिणीला फसवलं, तेही ग्रॉस! हंबीररावांनी सकाळी गुपचूप अर्थ पाहिला होता: किळसवाणा. बाप रे! आपल्याकडे असा शब्द माणूस जपून काढतो. ही पोर चुरमुरे उधळावेत तसा उधळते. तो माझ्या अंगावर आला तर? जिला या मांडीवर घास भरवले, तिलाच माझी किळस वाटली तर—तोंड कुठं लपवू मी?

"आबा, गार हुतंय की वो! मारा भुरका," त्यांचा मुलगा उदयसिंह म्हणाला आणि स्वतः मटणाची नळी तोंडाला लावून सुर्रकन चोखायला लागला.

"ई, बाबा! ग्रॉस!" अंतरा खदखदून हसली, बापाच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याच्याच ताटातली दुसरी नळी उचलली.

हंबीररावांनी वाटी उचलली. भुरका निघालाच नाही, नुसता ओघळ—हनुवटी, गळा, पांढरा सदरा. त्यांनी डोळे मिटले. आता म्हणणार ती. आता.

"इट्स ओके, आबा," अंतरा म्हणाली. हळू, गोड आवाजात, पावण्याला म्हणावं तसं. रुमाल पुढं सरकवला आणि नजर वळवली.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. पण तसं वाटेना. बापाला ती हसत हसत किळसवाणा म्हणते, आणि त्याच्याच ताटात हात घालते. मला नाही म्हणाली. का नाही म्हणाली?... त्यांनी हनुवटी पुसली, मान वर केली. ती खाली भाताकडे बघत होती, भात नुसता चिवडत होती. म्हण की पोरी, एकदा मोठ्यानं म्हण! पण तिनं मान वर केली नाही, आणि हंबीररावांना वाटलं, मघाची ती भीती परवडली.