गोधडीचा चौथा कोपरा

फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि प्रज्ञाने ओलसर गोधडीची घडी पायाने पलंगाखाली रेटली. एका हाताने तिने पलंगाची कड धरली होती, दुसरा हात सातव्या महिन्याच्या पोटावर होता. गोधडी काही सहजासहजी आत जाईना. एक कोपरा बाहेर डोकावत राहिला, तो प्रज्ञाने चादर खाली ओढून झाकला आणि चेहऱ्यावर हसू आणून दार उघडलं. सासूबाई सांगितल्यापेक्षा दोन दिवस आधीच परतल्या होत्या.

भामाबाई पारनेरजवळच्या आपल्या गावी भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. निघताना त्यांनी ट्रंकेतून ही गोधडी काढून दिली आणि एवढंच बजावलं, की हिला ऊन दाखव, पाणी लावू नको. ती उसवून तिच्या जुन्या, मऊ लुगड्यांची बाळासाठी दुपटी शिवायची, असा त्यांचा बेत होता. पण प्रज्ञाने घडी उलगडली तर चोवीस वर्षांची धूळ नाकात गेली. दवाखान्याच्या भिंतीवर जंतूंची मोठमोठी चित्रं लावलेली होती, ती तिच्या डोळ्यांपुढे नाचू लागली. तिने गोधडी रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवली आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर टाकली. चैत्राच्या उन्हात ती वरून वाळली, पण आतून ओलीच राहिली होती.

चहा पिताना भामाबाईंनी विचारलं, गोधडीला ऊन दाखवलं का? दाखवलं, असं प्रज्ञा म्हणाली, आणि ते खोटंही नव्हतं.

तसा भामाबाईंचा घरात काही धाक नव्हता. सावेडीतल्या त्या दोन खोल्यांपुढे हातभर जागा होती, तिथे प्रज्ञाने गुलाब आणि मोगरा लावला होता. याला खायला काय येतं, असं भामाबाई रोज सकाळी विचारायच्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी रोज न चुकता त्याच गुलाबाला घालायच्या. प्रज्ञा क्लासला जाऊन भरतकाम शिकलेली. तिने उशीच्या अभ्र्यावर भरलेले पोपट पाहून त्यांनी मान डोलावली होती, आणि पोपट झ्याक हायेत, पन थंडी कशी जायची, असंही विचारलं होतं. त्यांचं स्वतःचं शिवण म्हणजे धावदोरा. कोपऱ्यापासून सुरू करायचं आणि कडेकडेने फिरत मध्यात पोचायचं. तीन कोपरे आधीच पक्के करायचे, चौथा मात्र उघडा ठेवायचा. सगळी गोधडी शिवून झाली की त्या उघड्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालायचा आणि मग तोंड शिवायचं. जी दुसऱ्याला ऊब देते तिला उपाशी ठेवू नये, असं त्या म्हणायच्या. मुंग्या लागतील की, असं प्रज्ञाच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नव्हती.

आणखी एक गोष्ट प्रज्ञाने लग्न होऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात हेरली होती. भामाबाई घेवड्याची भाजी फार चवीची करायच्या. दाण्याचं कूट, थोडा गूळ, वर चरचरीत फोडणी. सम्राट बोटं चाटत खायचा. पण प्रज्ञा वाढायला आली की भामाबाई ताटावर हात आडवा धरायच्या. पोटाला सोसत नसेल, असं प्रज्ञाला वाटलं होतं. मग एकदा शेंगांच्या शिरा काढताना त्यांनी आपणहून सगळं सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात, पौषात, सम्राट जन्मला. घरात बाकी सगळे खडी फोडायला जात, भामाबाई बाळंतिणीच्या खाटेवर. दूध आटलं होतं, पोर रडून निळं पडायचं. घरात एका गाडग्यात मूठभर घेवड्याचं बी होतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी सासूकडे, रंगुबाईकडे, हात पसरला. एवढं शिजवून द्या, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गाडगं रिकामं. बी कुठंय विचारलं तर म्हातारी म्हणाली, न्हाई. त्याच आठवड्यात तिने नातवासाठी ही गोधडी शिवून पुरी केली आणि भामाबाईंच्या मांडीवर ठेवली. हिला पाणी लावू नको, पाऊस पडला की बघू, म्हणाली. पाऊस पडायच्या आत, वैशाखात, ती गेली. बी तिने एकटीने खाल्लं, नाहीतर लेकीला धाडलं, ही गाठ भामाबाईंच्या मनात तेव्हाच बसली. सरकारने वाटलेल्या सुकडीवर आणि शेजारणीच्या दुधावर पोर जगलं, पण ती गोधडी त्यांनी एक दिवसही त्याच्या अंगावर घातली नाही. ट्रंकेच्या तळाशी घातली ती घातलीच. तरी तिला पाणी मात्र लावलं नाही. मेलेल्या माणसाचा शब्द मोडवत नाही म्हणाल्या, आणि पुढची शेंग हातात घेतली.

हे सगळं माहीत असूनही आपण गोधडी भिजवली, याची प्रज्ञाला पलंगावर बसताना रोज टोचणी लागायची. सासूबाई दुपारच्या झोपल्या की गच्चीवर नेऊ, असं ती रोज ठरवायची. त्या नेमक्या तेव्हाच टक्क जाग्या असायच्या. असे पाच दिवस गेले.

सहाव्या दिवशी सकाळी सम्राट कामावर गेला होता. प्रज्ञा चुलीसारख्या तापलेल्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. बाहेरच्या खोलीत केरसुणीचा आवाज चालू होता, तो मध्येच थांबला. बराच वेळ थांबलेला पाहून ती पिठाच्या हातांनीच बाहेर आली. भामाबाई जमिनीवर उकिडव्या बसल्या होत्या. पुढ्यात गोधडी ओढून काढलेली होती.

आई, मी धुतली ती, चुकलं माझं, असं प्रज्ञा एका दमात म्हणून गेली. भामाबाईंनी वर पाहिलं नाही. त्यांची नजर चौथ्या कोपऱ्यावर खिळली होती. तिथे निळ्या लुगड्याचं ठिगळ फुगून आलं होतं, आणि धावदोऱ्याच्या दोन टाक्यांमधून दोन कोंब बाहेर पडले होते. पांढुरके, अंधारात वाढलेले, मान वाकवून उभे.

शाळेत ओल्या कापसावर मूग उगवून पाहिला होता प्रज्ञाने, तिला काही हे नवं नव्हतं. पण हे कापड तिच्यापेक्षा वयाने मोठं होतं. ती भिंतीला धरून हळूच खाली बसली.

भामाबाईंनी खुणेने कात्री मागितली. भरतकामाची इवलीशी कात्री प्रज्ञाने पुढे केली, आणि त्यांनी एकेक टाका असा सोडवला की कोंबाला धक्का लागू नये. आत भाकरीचा तुकडा नव्हता. चिंधीची पुरचुंडी होती. तिच्यात भिजलेली राख, काळा पडलेला कडुलिंबाचा पाला आणि मूठभर घेवडा. बहुतेक बी कुजून गेलं होतं. दोनच दाणे उगवले होते.

भामाबाई त्या राखेत बोट घालून बसल्या. पोळपाटावरची भाकरी वाळून चालली होती, तरी प्रज्ञा जागची हलली नाही.

"राख घालून ठेवलं हुतं," भामाबाई म्हणाल्या. "खायचं बी राखंत ठेवत न्हाईत. पेरायचं ठेवत्यात."

मग कुजलेलं बी बोटाने बाजूला सारत म्हणाल्या, "मला दिलं असतं तर एका सांजंला संपलं असतं. तिनं मला दिलं न्हाई, पन सोताबी खाल्लं न्हाई. मरताना पोटात कन न्हवता तिच्या, आन् बी माझ्या उशाला हुतं. मी तिच्याशी शेवटपातूर बोलले न्हाई."

त्या रडल्या नाहीत. पदराने त्यांनी राखेचं बोट पुसलं आणि उठल्या. प्रज्ञाला वाटलं, आता आपल्याला बोलणी बसणार. पण भामाबाई बाहेर गेल्या, अंगणातल्या गुलाबाकडे घटकाभर पाहिलं, आणि त्याच्या शेजारी खुरप्याने दोन आळी केली. कोंब असलेलं ठिगळ त्यांनी दाण्यांभोवती तसंच कापून घेतलं आणि कापडासकट मातीत ठेवलं. ऊन लागू नये म्हणून वर पाटी पालथी घातली. प्रज्ञा तांब्यात पाणी घेऊन आली, पण ओतायला तिचा हात धजेना.

"घाल की," भामाबाई म्हणाल्या. "आता घालायचंच हाय."

एक रोप तिसऱ्या दिवशी करपलं. दुसऱ्याने गुलाबाला विळखा घातला आणि पावसाळ्यात खिडकीच्या गजांवरून गच्चीपर्यंत मजल मारली. आषाढात प्रज्ञाला मुलगी झाली. भाद्रपदात वेलाला जांभळी फुलं लागली, आणि दिवाळीच्या आधी शेंगा. पहिल्या सगळ्या शेंगा भामाबाईंनी वेलावरच वाळू दिल्या, कुणाला हात लावू दिला नाही.

दुपट्यांऐवजी त्याच जुन्या लुगड्यांची नवी गोधडी तोवर शिवून होत आली होती. प्रज्ञाने तिच्या मधोमध एक पोपट भरला होता, आणि भामाबाईंनी थंडीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. शेवटचा कोपरा उरला तेव्हा प्रज्ञा आपणहून भाकरीचा तुकडा घेऊन आली. तो भामाबाईंनी घातला. मग वाळलेल्या शेंगा सोलून, बी राखेत घोळवून, त्याची पुरचुंडी बांधली आणि तीही त्याच कोपऱ्यात सरकवली. सुई ओवून प्रज्ञाने त्यांच्या हातात दिली.

"नीट बघून ठेव," भामाबाई म्हणाल्या. "ह्या कोपऱ्यात घेवडा हाय. पोरीलाबी सांग. आत्याबाईंचं सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

प्रज्ञाने मान हलवली. आजवर सासूबाईंच्या तोंडून तिने त्यांच्या सासूसाठी म्हातारी सोडून दुसरं नाव ऐकलं नव्हतं.

त्या दिवशी वेलावरच्या उरलेल्या कोवळ्या शेंगांची भाजी केली. सम्राटला वाढून झाल्यावर प्रज्ञा सवयीने पातेलं घेऊन पुढे निघाली होती. मग ती मागे वळली आणि काही न विचारता तिने भामाबाईंच्या ताटात एक डाव भाजी वाढली. भामाबाईंचा हात मांडीवरच होता.