सुकन्याच्या आलेखातली खोट

सुकन्याच्या आलेखात खोट निघावी अशी माझी मनापासून इच्छा होती. स्पष्टच सांगते, जळत होते मी. आम्ही दोघी नगरच्या एकाच कॉलेजात, एकाच सरांकडे पीएचडी करतो, एकाच भट्टीत सेमीमेटलचे, म्हणजे अर्धधातूचे, स्फटिक वाढवतो. माझ्या नळीतून भुगा निघतो, हिच्या नळीतून चकचकीत खडे. पाथर्डीची ही पोरगी भट्टी लावून निवांत डबा खायला बसते, आणि नशीब बघा!

चुंबकीय क्षेत्र वाढवलं की पदार्थाचा विद्युतरोध सहसा वाढतो. सुकन्याच्या स्फटिकात मात्र वीज आणि क्षेत्र एकाच दिशेला ठेवल्यावर तो चक्क उतरत होता. या पदार्थांत जगभर सगळे हेच शोधत असतात. सरांनी पेढे मागवले. जर्मनीच्या परिषदेला आमच्यातल्या एकीलाच पाठवता येणार होतं, आणि ती कोण हे आता विचारायलाच नको. माझा पेढा मी कागदात गुंडाळून ठेवला.

दुपारी तिनंच मोबाईलवर नमुन्याचा फोटो दाखवला. "अंजुम, तारा बऱ्या लागल्यात का गं?"

पाहिलं आणि मनात उकळ्या फुटल्या. वीज सोडायची चांदीची पेस्ट तिनं टोकाच्या मधोमध टिंबाएवढीच लावली होती, आणि मोजायच्या तारा पार कडेला. अशानं क्षेत्र वाढलं की वीज मधूनच पळते. वाफ्यात पाणी मधूनच धावलं की कडेची रोपं कोरडी राहतात, तसंच. कडेला वीजच कमी पोचते, आणि तिथल्या तारांना वाटतं, रोध उतरला.

मी तडक सरांकडे गेले, तिला घेऊनच. "सर, हे सगळं खोटं असू शकतं." आवाजात काळजी आणली होती. "मीच नव्यानं तारा लावते."

सुकन्या एवढंच म्हणाली, "लाव."

टोकाच्या पूर्ण रुंदीभर पेस्ट लावली. स्वतःच्या नमुन्यावर इतकं निगुतीनं काम मी कधी केलं नव्हतं. नमुना पुन्हा मोजायला पुण्याला गेला, तेवढं मोठं चुंबक तिथंच आहे. इकडे मी रोध चढू दे म्हणून दुवा मागत होते. अशी दुवा मागतात का, म्हणून स्वतःला दटावलं, आणि पुन्हा मागितली.

आलेख आला. रोध उतरतच होता, आधीपेक्षा स्वच्छ.

"आता कुणी बोट ठेवून दाखवावं!" सर म्हणाले. "सुकन्या, पासपोर्टचं बघ. अंजुम, हे तुझ्यामुळं झालं बरं का."

जिन्यात मी तिला म्हणाले, "नशीब काढलंस."

"नशीब कसलं? त्या तारांची मला आधीच शंका आली हुती. पन सर इतके खूश, ते छानच म्हनले असते. म्हनून तुला फोटो दाखवला."

"मलाच का?"

"तू मला पान्यात बघतीस ना," ती हसून म्हणाली. "तू चूक सोडनार न्हाईस, ठाऊक हुतं मला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिच्या जागी मी असते तर मला असं हसता आलं नसतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.