पंचफुलाच्या आईसाठी

पंचफुला पुसेगावजवळच्या एका बंजारा तांड्यावर नर्स होती. आईची माती आटोपून ती त्याच आठवड्यात कामावर परत आली. रजा उरली नव्हती, आणि घरी बसून करायचं तरी काय होतं? कळमनुरीच्या त्या घरात कुणी मोठ्यानं रडलं नव्हतं. मेणबत्त्या लावल्या, त्रिशरण म्हटलं. धाकटी बहीण हुंदके द्यायला लागली तेव्हा वडील पुंजाजी एवढंच म्हणाले, "लोकाच्या मयतीचे सांगावे घेऊन आमी गावोगाव पळालो, त्याहीच्या दारात बळंच ऊर बडवला. आता आपलं दुःख आपल्या घरात, शांतीनं." बहिणीनं तोंडात पदर कोंबला.

बातमी तांड्यावर आधीच पोचली होती. पंचफुला दारोदार फिरली, कुणाचा ताप पाहिला, कुणाला गोळ्या दिल्या. बाया नुसत्या तिच्या तोंडाकडं बघत राहिल्या. त्यांच्याकडं माहेरचा भाऊ भेटायला आला तरी आधी गळ्यात पडून सुरात रडायचं, मग चहा ठेवायचा. नवीन असताना तो आवाज ऐकून पंचफुला धावत गेली होती, कोण मेलं म्हणून. कुणीच मेलं नव्हतं. सगळं नाटक आहे, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

तांड्यावरच्या नानीबाईची सून दिवसात होती. तिला तपासायला पंचफुला गेली तर नानीबाईनं दारातच अडवलं.

"तू नको येऊ. आमचं आमी पाहू."

"काहून? काय झालं?"

"सख्खी माय मेली तुही, अन् डोळ्यात टिपूस न्हाई. असल्या बाईचा हात आमच्या लेकराला नको."

भांडायला तिच्यात जीव नव्हता. ती खोलीवर जाऊन पडून राहिली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी नानीबाईचा मुलगा लालसिंग पळत आला. सकाळपासून कळा होत्या, सून थकून गेली होती. पंचफुला उठली, पिशवी घेतली. नानीबाई बाजूला सरली. पोराच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. पंचफुलानं तो सोडवला, पाठ चोळली, आणि पोरगं रडलं.

हात धुऊन ती बाहेर ओट्यावर बसली. नानीबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"येक सांग. तुही माय तुला मारत होती का?"

"न्हाई वो मावशी. लोकाचा कापूस वेचून शिकवलं तिनं मला. पहिल्यांदा नर्सची पांढरी साडी नेसले तं दारात बसली अन् म्हनली, जरा चालून दाखव."

"मंग?"

"आमच्यात मोठ्यानं रडत न्हाईत. आमच्या बाला बरं वाटत न्हाई."

"म्हंजी समदं आतच ठिवता?"

"व्हय."

"थकत न्हाई का गं?"

पंचफुलानं तांब्या खाली ठेवला. "लई थकले," ती म्हणाली.

नानीबाईनं तिला उठवून गळ्याशी धरलं आणि आपल्या बोलीत सूर लावला. याडी, याडी, म्हणजे आई, आई. मध्येच थांबून तिनं विचारलं, "नाव काय मायचं?"

"जनकाबाई."

मग सुरात जनकाबाई आली, तिचा कापूस आला, पांढरी साडी आली. शेजारच्या बाया येऊन मिळाल्या. पंचफुला ताठ उभी होती. तिला रडू आलं नाही. पण हळूहळू तिची मान नानीबाईच्या खांद्यावर टेकली आणि तिनं ती तशीच राहू दिली. सूर संपला तसं नानीबाईनं डोळे पुसले आणि आत ओरडून गुळाचा चहा ठेवायला सांगितलं.

सुट्टीच्या दिवशी पंचफुला कळमनुरीला गेली. पुंजाजी अंगणात दोरी वळत होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"वळख न्हाई, पाळख न्हाई. तुह्या मायसाठी रडली?"

"व्हय बा."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

पुंजाजींनी दोरी खाली ठेवली आणि ते घरामागं निघून गेले. बराच वेळ आले नाहीत. बहीण बघायला उठली, तिचा हात पंचफुलानं धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "येतील."