चार बोटं आयाळ

मी एक कॉब घोडा बोलतोय. काळापांढरा, बुटका, जाड मानेचा. माझी आयाळ गुडघ्यापर्यंत यायची आणि पायांवरच्या केसांची झालर खुरं झाकून जमिनीवर लोळायची. यायची, लोळायची. आता नाही. ते केस किती कापायचे यावरून आमच्या घरात जे झालं, तेच सांगायचंय.

घर म्हणजे इंग्लंडातल्या भटक्या जिप्सींची चाकांवरची गाडी. वेस्टमोरलंडच्या रस्त्यांच्या कडेनं, जिथं गवत मिळेल तिथं थांबणारी. मला जन्म देऊन माझी आई त्याच दिवशी मेली. गाडीची मालकीण मिझेली, तिनं मला बाटलीनं दूध पाजलं. तिचा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. तो माझ्या गळ्यात हात टाकून गवतात लोळायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हा माझा धाकटा भाऊ. शाळेत जात नाही. माझ्यासारखाच."

त्याचं नाव मी सांगणार नाही. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर त्याला वाटतं, बोलावलं.

दहा वर्षं त्यानं माझ्या केसांना कात्री लागू दिली नाही. रोज सकाळी खरारा करायचा आणि आयाळीच्या तीन वेण्या घालायचा. डावखुरा होता, म्हणून वेणीचे पेड उलटे पडायचे. "लेका, जत्रेत सगळ्या पोरी तुझ्याकडं बघतात," म्हणायचा, "मी काय नुसता दोर धरायला?"

मे महिन्याच्या शेवटी, ॲपलबीच्या घोड्यांच्या जत्रेआधी, तो मला धुवायला नदीच्या उतारावर घेऊन गेला. वर डोंगरात पाऊस झाला असणार. पाणी एकदम चढलं. त्यानं माझी आयाळ धरली. मी पोहत सुटलो. मानेला ओढ होती, म्हणून मला वाटलं, तो धरून आहे. काठावर चढलो, वळून पाहिलं. आयाळ रिकामी. ओढ मात्र तशीच.

रीतीप्रमाणं त्याचं सगळं जाळलं. कपडे, अंथरूण, कप, खोगीर. गेलेल्याचं काही ठेवायचं नाही. मिझेलीचा धाकटा भाऊ लीवाय म्हणाला, "ताई, घोडाही ठेवू नये. लांबच्या कुणाला तरी देऊन टाक."

"माझ्या हातचं दूध प्यालाय तो. पोर आहे माझं."

"मग निदान केस तरी काप. त्या केसांतच त्याचा जीव होता."

"केसाला हात लाव, तुझी मिशी भादरून ठेवते."

लीवायनं मिशीवरून हात फिरवला.

दुसऱ्या सकाळी माझ्या आयाळीत तीन वेण्या होत्या. उलट्या पेडाच्या. ओल्या. हात मला दिसला नाही. मानेवरून गार बोटं फिरली, एवढंच. मी घाबरलो नाही. माझा भाऊच तो. त्याला नीट जमावं म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. तिथंच चुकलं माझं.

मग रोजच वेण्या. ऑगस्टभर पावसाचा थेंब नाही, तरी माझ्या पायांवरचे केस वाळेनात. पिळले तर पाणी निघायचं, नदीच्या वासाचं. आतली कातडी सडायला लागली. मी लंगडू लागलो.

"पाय जाईल त्याचा," लीवाय ओरडला. "निदान झालर तरी काप!"

"बोटभर कापते," मिझेली म्हणाली. कात्री आणली. दिवसभर ती मांडीवर घेऊन बसून राहिली.

सप्टेंबरच्या अखेरीस, गाडी अजून त्याच नदीकाठी असताना, एका सकाळी दाट धुकं होतं. मिझेली आली, एक वेणी मुठीत धरून गालाला लावली. "किती गारठलास रे," ती म्हणाली. मला नाही, वेणीला. तेवढ्यात मानेला ओढ बसली. नदीच्या उताराच्या बाजूला. मी निघालो. ती वेणी धरून बरोबर निघाली. पाणी माझ्या खुरांवर आलं, मग तिच्या गुडघ्यांवर आलं. मी थांबू शकलो असतो. थांबलो नाही. मलाही जायचं होतं.

"मिझेली! कुठं निघालीस?" मागून लीवाय धावत आला.

"हा ओढतोय मला."

"कोण, घोडा?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे ओठ निळे पडले होते. ते पाहिलं आणि मी चारही पाय रोवले. तिनं वेणी सोडली. वेणी खाली पडली नाही. पाण्याकडं ताठ उभी राहिली. पुढच्या टोकाला कुणी नव्हतं.

लीवायनं ते पाहिलं. बहिणीला दंडाला धरून बाहेर ओढलं. मी मागं सरलो, तेव्हा माझ्या मानेची कातडी ताणली गेली.

"मुळापासून भादरतो आता," तो म्हणाला.

"नाही," मिझेली म्हणाली. "सगळे केस त्याचे नाहीत." तिनं माझ्या मानेवर, केसांच्या मुळाशी, चार बोटं आडवी ठेवली. "केस मुळाकडून वाढतात. तो गेल्याला चार महिने झाले. एवढे त्याच्या माघारी आलेत, ते याचे. बाकीचे त्याचे."

तिनंच कापले. मानेवरचे, मग पायांवरचे, प्रत्येक ठिकाणी बोटं लावून. विस्तव केला. ओले केस पेटेनात. खूप वेळ नुसते फुसफुसत राहिले, कुणी दातांतून श्वास घ्यावा तसे. मग पेटले. "जा बाळा," ती म्हणाली.

पाय बरे झाले. मी लंगडत नाही. जत्रेत लोक हसतात, "घोडा आहे का भादरलेली मेंढी?" हसू देत. मिझेली सकाळी येते, मानेवर हात फिरवते, कोरडी लागली की चहा ठेवायला जाते.

आयाळ परत वाढतेय. त्यातल्या एकाही केसाला त्याचा हात लागलेला नाही.

दादा, ही हलकी मान मला नकोय. पण तू येऊ नकोस.