न वाचलेलं पान

चाकूरहून धोंडप्पाचं पत्र येऊन आठ महिने झाले होते आणि भुजंगराव मास्तरांनी अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्रात विचारणं एकच. "मास्तर, मागं मानूस बसवू नका, असं तुम्ही शिकवलं व्हतं का? सायब म्हणतेत, शिकवलं, सही हाय. मला तर याद न्हाई. मारोतीचा पाय माझ्यामुळं गेला का, तेवढं सांगा."

लातूर जिल्हा नवा, दुष्काळी धान्याचं गोदाम नवं, तिथलं पोती उचलणारं फोर्कलिफ्टही नवं. इंग्रजी वाचणारा निवृत्त शिक्षक म्हणून भुजंगरावांना नांदेडहून बोलावलं होतं, चालकांना सुरक्षेचे नियम शिकवायला. चार मोठ्या माणसांपुढं बोलायला ते बुजत. ते फोर्कलिफ्टसोबत आलेल्या नियमांच्या पुस्तकात डोकं खुपसून वाचत राहिले. तेवढ्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. सगळ्यांच्या घागरी रांगेत होत्या. चुळबूळ पाहून मास्तरांनी शेवटचं पान सोडलं, सगळं शिकवल्याच्या सह्या घेतल्या.

पुढं महिन्याभरानं पोत्यांच्या भारानं फोर्कलिफ्टची मागची चाकं अधांतरी झाली. बैलगाडी उलाळ झाली, मागं कलली की पुढं माणूस बसवायचा, हे धोंडप्पाला लहानपणापासून ठाऊक. त्यानं हमाल मारोतीला मागं बसवलं. वळणावर मारोती घसरला, पाय चाकाखाली गेला. धोंडप्पाची नोकरी गेली.

आज नव्या चालकांपुढं मास्तर पुन्हा उभे होते. कंधारच्या सिद्धलिंगनं विचारलं, "मास्तर, गाडी मागून उचलली तर किती मानसं बसवायची?"

"तुझी सासू बसीव, एकटीच पुरंल!" चालकांतलं कुणीतरी ओरडलं.

हशा पिकला. तेवढ्यात भोंगा वाजला. दोघं-तिघं उठले.

"बसा!" आवाज एवढा मोठा निघाला की मास्तरच दचकले. "एकही माणूस बसवायचा नाही. भार कमी करायचा."

"पर पानी जाईल की, मास्तर."

मास्तर स्वतः बाहेर गेले, टँकरवाल्याला हात जोडून थांबवलं, परत आले आणि शेवटचं पान दोनदा वाचलं. प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं.

मग बसस्टँडवर बसून त्यांनी पत्र लिहिलं. तीन कागद फाडले. चौथ्यावर उरलं ते एवढंच:

"चि. धोंडप्पा, ते पान मी वाचलंच नव्हतं. तुझी सही खरी, माझं शिकवणं अपुरं. मारोतीच्या पायाचा दोष आधी माझा. हेच साहेबांनाही लिहून कळवतो आहे. उत्तराला उशीर केला, तोही माझाच दोष."

साहेबांना पत्र लिहून होईपर्यंत नांदेडची बस निघून गेली. मास्तरांनी दोन्ही पाकिटं टपालपेटीत टाकली आणि पुढच्या बसची वाट पाहत बसले.