भोजनालयाचा अर्ज

हुकुमचंद बिसेननं बायकोच्या डोक्यावरचा पदर स्वतःच्या हातानं पुढे ओढला आणि बँकेचं दार ढकललं. कोहमाऱ्याहून येताना त्यानं तिच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं होतं: भोजनालय, साहेब.

उघडायचा होता बार, हायवेच्या नाक्यावर. सरकारी योजनेत दारूला कर्ज मिळत नाही आणि बाईला सबसिडी जास्त मिळते, म्हणून कागदावर भोजनालय आणि कागदावर बायको, कुंता. एवढ्या अकलेवर हा माणूस स्वतःला चाणक्य समजत होता. ओळखीचा दुकानदार बिल भांड्यांचं करणार होता आणि माल काउंटर-फ्रिजचा पाठवणार होता. बँकेच्या साहेबाला सगळं ठाऊक होतं. उद्घाटनाला येतो म्हणून त्यानं कधीच सांगून टाकलं होतं. लाज काय ती एकट्या कुंताला वाटत होती. गावातलं दारूचं दुकान बंद करायला ज्या बायकांबरोबर तिनं आडव्या बाटलीला मत दिलं, त्यांना आता ती कोणतं तोंड दाखवणार होती?

"कोणता धंदा करणार?" साहेबानं तिला विचारलं.

"भोजनालय, सायेब," हुकुमचंदच म्हणाला. "तिले बोलता येत नाई."

कुंतानं पदर मागे सारला.

"येते मले बोलता. दुकानदारानं पाठवलेलं सामान कोण पाह्यते, सायेब?"

साहेबानं हुकुमचंदकडे पाहिलं.

"नियमानं आम्हीच बघतो. पण बिल असलं की चालतं."

"चालू नोका देऊ. भट्टी, भाताचे गंज, पराती, समदं माह्यासमोर मोजा. मी सही करीन, मंग दुकानदाराले पैशे द्या. हे अर्जावर लिवा."

"कायले लिवाचं वो?" हुकुमचंद हसला, पण हसू ओठांवरच राहिलं. "सायेब आपलेच हायेत."

"म्हनूनच लिवा म्हनून राहिली."

शेजारच्या टेबलावरच्या दुर्गेश्वरी मॅडम काम थांबवून ऐकत होत्या. त्यांच्यादेखत साहेबाला नाही म्हणता येईना. नियमावर बोट ठेवून बसलेली बाई त्याला आवडली नव्हती, तरी त्यानं मुकाट्यानं ओळ लिहिली आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

"पेन द्या," कुंता म्हणाली.

"घरून सही करून आणू, सायेब," हुकुमचंद घाईनं म्हणाला. "तिनं चष्मा नाई आणला."

कुंताला चष्मा नव्हताच. चौथीपर्यंत शिकलेली ती, एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहीत राहिली. तोवर दोन्ही पुरुष तिच्या हाताकडे बघत उभे होते.

बाहेर आल्यावर हुकुमचंदला मोटरसायकलची किल्ली सापडेना. चारही खिसे चाचपून तो तिच्यावर ओरडला,

"काऊन केलं हे? आता बारचं काय?"

"कांदे चिराले एक माणूस लागंल," कुंता म्हणाली. "तुमी याल का सांगा. नाई तं दुसरा पाहावा लागंल."