हजारात एक

जावई डॉक्टर होता, पण नाडी धरणारा नव्हे, वनस्पतींचा. सासरच्या मंडळींनी पहिली दोन वर्षं त्याला आपापल्या पोटदुख्या सांगून पाहिल्या आणि मग नाद सोडला. सासरे घाऊक जडीबुटीचे व्यापारी. जावयाचा अभ्यास ज्या कडू मुळीवर चालला होता, तीच मुळी त्यांच्या वखारीत वीस वर्षं विकली जात होती.

एका रविवारी जेवता जेवता जावई म्हणाला, "बाबा, तुमच्या धंद्याचे दिवस भरले बरं का. पानाला एक जिवाणू टोचला की जखमेतून केसांसारखी मुळं फुटतात. ती बाटलीत, साखरपाण्यात वाढवायची. ना माती, ना पाऊस. डोळ्यांच्या औषधाला लागणारं सत्त्व आम्ही त्यातूनच काढणार."

"साखरपाण्यावर पोसलेलं कार्टं कडू निघेल होय, जावईबापू?" सासरे म्हणाले.

बायको खळखळून हसली. जावयाला ते चांगलंच झोंबलं.

खरं सांगायचं तर ती मुळं वाढवत होती प्रयोगशाळेतली सहायक बाई. बाटल्या उकळणं, साखरपाणी बदलणं, हलत्या फळीवर त्या मांडणं, बुरशी दिसली की सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं, हे नऊ महिने तिनं केलं. डॉक्टरनं त्यावर सात भाषणं केली. सातव्या भाषणात तोल गेला आणि औषध कंपनीच्या लोकांसमोर तो बोलून बसला, "हजार भाग मुळांत पाच भाग सत्त्व!" कंपनीनं कळवलं, गुरुवारी येतो आणि आमच्या हातानं तपासतो.

सोमवारी बाईनं मुळं वाळवली, दळली, अर्क काढून यंत्राला दिला.

"सर, आकडा हजारात एक आलाय. तीनदा तपासला. मागच्या खेपेला शून्य होता."

"एक? अहो बाई, मी पाच सांगून बसलोय!"

"मग आता एक सांगा."

"लोक तोंडात शेण घालतील माझ्या. कुठे बोलू नका हे."

मंगळवारी तो वखारीत गेला. रानातल्या मुळीत हजारात पाच असतं हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. "तुलनेला हवीय" म्हणून त्यानं मूठभर मागितली, सासऱ्यांनी पिशवीभर दिली. दुपारी प्रयोगशाळेतले सगळे जेवायला गेल्यावर डॉक्टरनं ती दळली, नमुन्याच्या बाटलीतली भुकटी केराच्या टोपलीत ओतली आणि ही तिच्यात भरली. बाई परत आली तेव्हा खोलीत गोणपाटाचा वास येत होता. तिनं केराच्या टोपलीत डोकावून पाहिलं. प्रत्येक खेपेची अर्धी भुकटी कपाटात राखून ठेवायची, हा नियम डॉक्टरनंच लिहिला होता, पण वाचला फक्त तिनं होता.

गुरुवारी कंपनीची तपासनीस आली. जेमतेम बोलणारी, चष्मा कपाळावर चढवून बसणारी. तिनं नमुना यंत्राला दिला. कागदावर रेघ सरळ आली, सत्त्व असलं की उठतं ते टेकाड म्हणून नाही.

"शून्य," ती म्हणाली.

"यंत्र बिघडलं असेल," डॉक्टर म्हणाला.

तिनं सोबत आणलेलं शुद्ध सत्त्व यंत्राला दिलं. टेकाड ताठ उभं राहिलं. मग तिनं चिमूटभर भुकटी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली.

"ही मुळं बाटलीत वाढली ना? मग ही वाळू कुठली?"

"वाऱ्यानं... म्हणजे खिडकी..."

"बंद बाटलीत?"

बाईनं शांतपणे कपाट उघडून दुसरी बाटली पुढे ठेवली. "ही राखलेली अर्धी. तपासा."

या वेळी छोटंसं टेकाड उठलं. तपासनीस पहिल्यांदा हसली. "एकच आहे, पण आहे."

संध्याकाळी डॉक्टर वखारीत घुसला तो ओरडतच.

"कंपनीसमोर माझी बाटली शून्य निघाली! तुमच्या मुळीत सत्त्वाचा टिपूस नाही! भलतीच मुळी विकताय तुम्ही!"

सासऱ्यांनी थंडपणे चष्मा पुसला. "वीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं तक्रार केली नाही."

"ज्यांना गुण आला नाही ते इथवर येतील कशाला?"

"ते असो. पण जावईबापू, तुलना करायची तर तुमची मुळी तुमच्या बाटलीत हवी होती. माझी तिथे कशी गेली?"

दोघेही पोत्यांकडे बघत बसले. बायको वडिलांचा डबा घेऊन आली होती. तिनं दारातच सगळं ऐकलं.

"एकानं पोत्यात घालून फसवलं, एकानं बाटलीत घालून," ती म्हणाली. "वाटलं होतं, माहेर-सासर मिळून एक तरी माणूस सरळ असेल."

दुसऱ्या दिवशी तिनं पुढे उभं राहून त्या मुळीची अकरा पोती मागच्या खड्ड्यात रिकामी करवली. वडिलांची पाठ दुखत होती म्हणून उचलली जावयानं. मुळी भलतीच होती, वापरू नका, अशा चिठ्ठ्या गिऱ्हाइकांना मात्र सासऱ्यांनाच लिहायला लावल्या.

कंपनीनं काम बाईच्या नावे दिलं. डॉक्टरला "मार्गदर्शक" ठेवलं, म्हणजे भाषणं बंद. सोमवारी तो तिच्या टेबलाशी बराच वेळ घुटमळला. शेवटी म्हणाला, "बाई, तो जिवाणू पानाला नेमका कुठे टोचता हो?"

"शिरेवर, सर," म्हणत तिनं सुई त्याच्यापुढे धरली, आणि लगेच मागे घेतली. "आधी हात धुऊन या."